शेऱ्याचा रकाना

तिमाही अहवाल. वागळे इस्टेट,
दुसरा मजला, खाली टायरवाला.
रुग्णवाहिका सेवेची तीन पानं लिहायचीत
आणि पहिल्याच ओळीत आनंदाची बातमी आहे:
पोचण्याची सरासरी वेळ एकोणीस मिनिटांवरून चौदावर.

सरासरी म्हणजे काय, हे मला
येऊरच्या पाड्यावरच्या जान्या वांगडला सांगता येणार नाही.
त्याच्या बायकोसाठी गाडी पोचली छप्पन्न मिनिटांनी,
तीही उताराच्या तोंडाशी; तिथवर ती चादरीच्या झोळीतून आली.
त्याच रात्री नौपाड्यात एकाकडे आम्ही चार मिनिटांत हजर.
दोघांची बेरीज करून दोनानं भागलं
की तीस मिनिटं येतात,
जी दोघांपैकी कुणीच काढली नाहीत.

मंजूर पदे चौऱ्याऐंशी. भरलेली एकसष्ट.
रिक्त तेवीस.
रिक्त हा शब्द किती स्वच्छ,
घासून पालथ्या घातलेल्या पातेल्यासारखा.
त्यात हरेश तांडेल दिसत नाही,
ज्यानं अकरा वर्षं कळव्याची गाडी चालवली
आणि जूनपासून ऐरोलीत शाळेची बस चालवतो.
राजीनाम्यात लिहिलं, वैयक्तिक कारण.
मला जिन्यात म्हणाला, ‘मॅडम,
धाकटी मला काका म्हणायला लागली होती.’
हसला. मीही हसतच सही केली.
आता तो रोज चाळीस मुलं घरी पोचवतो,
सगळी शुद्धीवर.

उरलेल्यांनी ती तेवीस माणसं
आपापसांत वाटून घेतली.
कुणी डबल ड्युटी, कुणी दिवाळीची रजा,
कुणी स्वतःच्या आईचा दवाखाना पुढं ढकलला.
अहवालात मी लिहिलं:
उपलब्ध मनुष्यबळाचा इष्टतम वापर.
लिहिलं आणि चहा सांगितला.

तेवढ्यात अन्सार बुबेरे आला, रात्रपाळी संपवून,
काखेत लॉगबुक.
कासारवडवली, टॉवर, सत्ताविसावा मजला.
‘आठ मिनिटांत पोचलो, ते बरोबर लागलंय.
गेटवर वॉचमननं वहीत नोंद मागितली.
सर्व्हिस लिफ्ट बंद.
दुसरीत स्ट्रेचर आडवं मावेना.
रश्मी डॉक्टर बॅग घेऊन जिन्यानं पळाली,
सतराव्याला तिलाच बसावं लागलं.
चाकं थांबली की घड्याळ थांबतं, नियम आहे.
पण मॅडम, गेटपासून वरची एकवीस मिनिटं
कुठल्या रकान्यात टाकू?’

मी नियम वाचून दाखवला.
माझाच आहे तो. तीन वर्षांपूर्वी
बेलापूरच्या थंडगार सभागृहात
मीच म्हणाले होते, मोजायला सोपं हवं.
तो उभाच राहिला.
भांडायला नाही. त्याला खरंच विचारायचं होतं.

माणूस वाचला का,
हे मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही.
त्याची मान तेवढी
चहाच्या कपाकडे वळली.

शेऱ्याचा रकाना मी आजवर कोराच पाठवत आले.
आज तिथं लिहिलं:
गेटपासून माणसापर्यंतचा वेळ मोजलेला नाही.
मोजावा.
मग पहिली ओळ खोडावी का म्हणून
बराच वेळ पेन धरून बसले.
नाही खोडली. चौदा खोटं नाही.
एकसष्ट जणांनी एकेक मिनिट
स्वतःच्या झोपेतून काढून दिलंय ते.
फक्त खाली, त्याच आकाराच्या अक्षरात,
छप्पन्नही लिहिलं. येऊरसकट.

वरिष्ठ विचारतील, एवढं कशाला?
विचारू देत.

काचेपलीकडं सुलभा मढवीचा आवाज.
सहा नंबर?
पेशंट सोडला कळव्याला. गाडी रिकामी.
कुठंयस?
विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली.
काही खाल्लंस?
नाही अजून.
बरं, थांब तिथंच.
कॉल येतोय.